समजून घ्या : फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये इंटर्नशिप सुरू करताय? काय शिकायचे, किती मिळते आणि काय लिहून घ्यायचे?

दहावी-बारावीचे निकाल लागले, आयटीआय आणि डिप्लोमाच्या प्रवेशांची धांदल सुरू झाली की गावोगावी एक सल्ला हमखास ऐकू येतो, ‘तोवर वेल्डिंगच्या दुकानात जा, चार पैसेही मिळतील आणि हातात कलाही येईल.’ राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यातील विंझरही त्याला अपवाद नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले तरी कामाची वाट तीच आहे. विंझरहून मार्गासनी, नसरापूर करत पुणे-सातारा महामार्गाला लागायचे आणि पुढे खेड शिवापूर किंवा शिरवळच्या कारखान्यांकडे जायचे. नाहीतर जवळच्याच एखाद्या वर्कशॉपमध्ये गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड आणि ट्रॉलीची कामे शिकायची.

दोन्ही वाटा चांगल्या आहेत. मात्र ‘शिकायला ठेवले’ या दोन शब्दांत खूप काही लपलेले असते. सहा महिन्यांनी एक मुलगा स्वतः माप घेऊन गेट उभे करतो, तर दुसरा तेवढ्याच महिन्यांनी फक्त पाइप उचलतो आणि ग्राइंडर मारतो. हा फरक नशिबाचा नसतो. पहिल्या दिवशी काय विचारले, रोज काय टिपून ठेवले आणि हातात कोणता कागद आला, यावर तो अवलंबून असतो.

इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप आणि ‘हाताखाली काम’ यात फरक काय?

बोलताना तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने ते वेगळे आहेत.

इंटर्नशिप : ही बहुधा अभ्यासक्रमाचा भाग असते. डिप्लोमा किंवा पदवीचा विद्यार्थी कॉलेजच्या पत्रावर ठरावीक आठवडे वर्कशॉपमध्ये जातो आणि शेवटी अहवाल देतो. विद्यावेतन मिळेलच असे नाही.

अप्रेंटिसशिप : तिच्यामागे अप्रेंटिस कायदा, १९६१ आहे. उमेदवार आणि आस्थापना यांच्यात करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि विद्यावेतनाचे किमान दर ठरलेले असतात. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कर्मचारी असतील तर ते ऐच्छिक आहे.

हाताखाली काम : ना पत्र, ना करार. ओळखीने जायचे आणि मिस्त्री सांगेल ते करायचे. गावाकडचे बहुतेक वेल्डर असेच तयार झाले. यात शिकायला मिळत नाही असे नाही. पण शिकल्याचा पुरावा राहत नाही आणि अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहतो.

खरी अडचण इथेच आहे. दोन-तीन माणसांवर चालणारे गावातले वर्कशॉप अप्रेंटिसशिपच्या चौकटीत बसत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही खासगी आस्थापनेत किमान २० कर्मचारी असण्याची अट आहे. म्हणजे जिथे शिकणे सर्वांत सोपे, तिथे सरकारी कागद मिळणे सर्वांत अवघड. त्यावर काय करता येते, ते पुढे येईलच.

पैसे किती मिळतात?

अप्रेंटिसशिप असेल तर २०१९ च्या नियमांनुसार दरमहा किमान विद्यावेतन असे आहे :

- पाचवी ते नववी उत्तीर्ण : ५,००० रुपये
- दहावी उत्तीर्ण : ६,००० रुपये
- बारावी उत्तीर्ण किंवा आयटीआय प्रमाणपत्रधारक : ७,००० रुपये
- डिप्लोमाधारक : ८,००० रुपये
- पदवीधर : ९,००० रुपये

हे दर ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने मे २०२५ मध्ये केली होती. त्यामुळे करारावर सही करण्याआधी पोर्टलवर लागू असलेला दर पाहावा. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये इतका वाटा केंद्र सरकार उचलते. हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो.

राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण जाहीर झाले होते. त्यात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा ठरवण्यात आले.

वयाचा मुद्दा सुटता कामा नये. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे आणि १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामे देता येत नाहीत. दहावीची सुटी म्हणून १५ वर्षांच्या मुलाला वेल्डिंगच्या दुकानात बसवण्यापेक्षा त्याला आयटीआयला घालावे. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि त्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे पुरते. फिटर ट्रेड दोन वर्षांचा असून त्यासाठी दहावी लागते.

पहिल्या काही आठवड्यांत नेमके काय करावे लागते?

पहिल्याच दिवशी कोणी होल्डर हातात देत नाही, आणि ते योग्यच आहे. सुरुवात माल ओळखण्यापासून होते. एमएस म्हणजे माइल्ड स्टील. त्याचा अँगल, चॅनल, पट्टी, चौकोनी पाइप, गोल पाइप, सळई आणि पत्रा. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला माल. एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील. दुकानदाराकडे माल किलोवर मिळतो आणि गिऱ्हाइकाला भाव अनेकदा किलोवर किंवा चौरस फुटावर सांगितला जातो. म्हणून वजन काढता येणे ही या धंद्याची बाराखडी आहे.

तीन हिशेब पाठच हवेत :

- सळई : व्यासाचा (मिमी) वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचे वजन किलोत. १२ मिमीची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते.
- पत्रा : जाडी (मिमी) गुणिले ७.८५ म्हणजे एका चौरस मीटरचे वजन. २ मिमीचा पत्रा १५.७ किलो.
- चौकोनी पाइप : (बाजू वजा जाडी) गुणिले जाडी गुणिले ०.०३१४. ४० × ४० चा २ मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे २.४ किलो, म्हणजे ६ मीटरचा अख्खा पाइप १४ किलोंच्या आसपास.

दोन मिमी सांगून दीड मिमीचा पाइप दिला तर वजनकाट्यावर लगेच कळते. वर्कशॉपमध्ये व्हर्नियर असेल तर जाडी मोजून पाहण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी.

एक साधे गेट खूप काही कसे शिकवते?

समजा, १,५०० मिमी × १,५०० मिमीची चौकट करायची आहे आणि पाइप ४० × ४० चा आहे. नवा मुलगा १,५०० चे चार तुकडे कापतो. ते सरळ एकमेकांना टेकवून जोडले की चौकट एका बाजूने १,५०० आणि दुसऱ्या बाजूने १,५८० मिमीची होते, कारण दोन पाइपांची जाडी त्यात मिळते. बरोबर माप म्हणजे दोन तुकडे १,५०० चे आणि दोन १,४२० चे. चारही कोपरे ४५ अंशांत कापायचे असतील, तरच चारही तुकड्यांची बाहेरची बाजू १,५०० ठेवायची.

आता कापणीचा हिशेब. कटिंग व्हील दर कापाला साधारण ३ मिमी लोखंड खाते. ६ मीटरच्या पाइपातून १,५०० चे चार तुकडे काढू म्हटले तर तीन कापांत ९ मिमी जातात आणि शेवटचा तुकडा तेवढा आखूड पडतो. वरच्या बरोबर मापाने कापले तर एकूण ५,८४० मिमी लागतात आणि एका पाइपात चौकट बसून तुकडा उरतो. माप चुकले तर दुसरा पाइप आणावा लागतो आणि त्या कामातली कमाई तिथेच जाते.

पुढची पायरी म्हणजे टॅक मारणे. चारही कोपऱ्यांना आधी छोटे टाके मारायचे आणि मग कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे या चौकटीत सुमारे २,१२१ मिमी भरले, तर चौकट गुण्यात आहे. कमी-जास्त असेल तर टाके असेपर्यंत ठोकून सरळ करता येते. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर ते जमत नाही.

त्यानंतरही धोका टळत नाही. वितळलेले लोखंड थंड होताना आकसते आणि पाइपाला आपल्याकडे ओढते. एकाच कोपऱ्यावर सलग वेल्डिंग केले तर सरळ चौकट वाकडी होते. म्हणून एक कोपरा झाला की समोरचा घ्यायचा, मग उरलेले दोन. ‘गेट लावताना बसत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

रॉडवरचे आकडे काय सांगतात?

गावातल्या वर्कशॉपमध्ये बहुतेक काम रॉडच्या आर्क वेल्डिंगवर चालते. मोठ्या कारखान्यात त्याजागी सीओ-टू किंवा मिग मशीन दिसते आणि स्टेनलेस स्टीलच्या नाजूक कामाला आर्गनचे टिग वेल्डिंग वापरतात.

सर्वांत जास्त वापरला जाणारा रॉड ६०१३. त्यातले ६० म्हणजे जोडाची किमान ताकद, दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. पुढचा १ सांगतो की हा रॉड आडवे, उभे, डोक्यावरचे अशा सर्व स्थितींत चालतो. शेवटचा ३ त्यावरच्या लेपाचा प्रकार सांगतो. ७०१८ हा जास्त ताकदीच्या कामाचा रॉड. तो ओलावा धरतो, म्हणून भट्टीत कोरडा ठेवावा लागतो. राजगड-तोरण्याच्या परिसरातल्या पावसात साधे रॉडही उघड्या पाकिटात सर्द होतात. सर्द रॉडने जोडात बारीक भोके पडतात आणि ती रंगाखाली झाकली जातात.

करंट किती ठेवायचा? २.५ मिमीच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर आणि ३.१५ मिमीला ९० ते १३० अँपिअर. कमी ठेवला तर रॉड चिकटतो आणि लोखंड वरवर बसते. जास्त ठेवला तर पातळ पाइपाला भोक पडते.

जोड वरून चांगला दिसतो म्हणजे तो पक्का आहे असे नाही. त्याची एक स्वस्त परीक्षा आहे. दोन भंगार पट्ट्या टी आकारात उभ्या करून एकाच बाजूने वेल्डिंग करायचे, थंड झाल्यावर उभी पट्टी हातोड्याने वेल्डिंगच्या बाजूला पाडायची आणि तुटलेला भाग पाहायचा. आत भोके, काळा मळ किंवा न वितळलेली कड दिसली तर काय चुकले ते लगेच कळते. आठवड्यातून एकदा मिस्त्रीसमोर ही परीक्षा द्यावी.

धोके कोणते आणि कसे टाळायचे?

डोळे : आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्याचा बाहेरचा पडदा भाजतो. त्रास लगेच होत नाही. तो सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ते बरे होते, पण डोळे चोळू नयेत. दूध किंवा बटाट्याचा काप न वापरता डॉक्टरांकडे जावे. रॉड वेल्डिंगच्या नेहमीच्या कामाला १० नंबरची काळी काच लागते. साधा गॉगल उपयोगाचा नाही. पाइप धरून शेजारी उभा राहणाराच जास्त वेळा भाजतो, कारण त्याच्या हातात काच नसते. मदतनिसालाही वेगळी काच हवी, ही मागणी पहिल्याच दिवशी करावी.

धूर : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. काम उघड्यावर किंवा हवा खेळती राहील अशा जागी करावे आणि डोके धुराच्या लोटात धरू नये. जीआय पाइपावर वेल्डिंग केले तर जस्ताच्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी-ताप भरतो. जोडाच्या आजूबाजूचा जस्ताचा थर आधी घासून काढावा.

शॉक : रॉड लावलेला नसताना मशीनच्या टोकांवर साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत. पावसात भिजलेले हातमोजे, ओली जमीन आणि चपला असतील तर तेच जीवघेणे ठरतात. कोरडे चामडी हातमोजे आणि बंद बूट हवेतच. कोणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच त्याला हात लावावा.

ग्राइंडर : गार्ड काढून ग्राइंडर चालवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. फुटलेल्या चाकाचा तुकडा थेट चेहऱ्यावर येतो. चाकावर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे. कापायचे चाक घासायला वापरू नये. टेरिकॉटचे कपडे ठिणगीने वितळून अंगाला चिकटतात, म्हणून सुती कपडे घालावेत.

बंद पिंप : डिझेल, तेल किंवा रसायनाचे रिकामे पिंप वेल्डिंगला आले तर नवशिक्याने त्याला हात लावू नये. आतल्या वाफेचा स्फोट होतो. इथे स्पष्ट ‘नाही’ म्हणणे हाही शिकण्याचा भाग आहे.

शिकणे आणि कमावणे एकत्र जमते का?

याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच सापडते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्न तंत्रज्ञानात डॉक्टरेट आणि मग हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन अशी वाट सोडून ते दुष्काळी भागातल्या या गावात आले. हाताने काम करत शिकणे हीच शिक्षणाची नैसर्गिक पद्धत आहे, हा त्यांचा विचार होता.

तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. शाळा अर्ध्यावर सोडलेल्यांनाही प्रवेश मिळतो. अभियांत्रिकी विभागात वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन शिकवताना कामे खरी असतात. वस्तू कोणाला तरी वापरायची असते, म्हणून माप चुकवून चालत नाही. आणि प्रत्येक कामाचा खर्च विद्यार्थ्याने काढायचा असतो. लोखंडाच्या त्रिकोणी सांगाड्यावर उभे राहणारे ‘पाबळ डोम’ याच वातावरणातून पुढे आले. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरची ती सुरुवातीची प्रयोगशाळा मानली जाते. कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले, पण आश्रमाचे काम चालू आहे.

पाबळची पद्धत विंझरच्या छोट्या वर्कशॉपमध्येही वापरता येते. त्यासाठी इमारत लागत नाही. खरे काम, त्याचा लेखी हिशेब आणि दर काही आठवड्यांनी नवी जबाबदारी एवढे जमले तरी पुरे.

काय लिहून घ्यायचे?

मालक ओळखीचे, नात्यातले असले तरी एका पानाचे पत्र मागायला संकोच करू नये. त्यात एवढे असावे :

- सुरुवातीची आणि शेवटची तारीख, कामाची वेळ, सुटीचा दिवस
- कोणत्या महिन्यात काय शिकवणार : कापणी, टॅक, आडवे वेल्डिंग, उभे वेल्डिंग, फिटिंग, रंगकाम
- विद्यावेतन किती आणि कोणत्या तारखेला
- काच, हातमोजे, बूट कोण देणार
- इजा झाल्यास दवाखान्याचा खर्च कोणाचा
- शेवटी लेटरहेडवर अनुभवपत्र मिळेल का

नोंदणीकृत अप्रेंटिसच्या बाबतीत कामावर झालेल्या इजेच्या भरपाईची तरतूद कायद्यातच आहे. बाकीच्यांसाठी हे पत्रच आधार ठरते.

त्याच्या जोडीला एक वही ठेवावी. तारीख, काम, माल, रॉड, अँपिअर, लागलेला वेळ, काय चुकले आणि मोबाइलवर काढलेला फोटो. ही वही पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडते. पहिले, मुलाखतीत. दुसरे, कौशल्य विकास योजनेतील पूर्वशिक्षण मान्यता चाचणीच्या तयारीला. अनौपचारिकपणे काम शिकलेल्यांचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची ही सोय आहे. छोट्या वर्कशॉपमध्ये न मिळालेला सरकारी कागद मिळवण्याचा हा एक मार्ग. कारखान्यात भरती करताना मात्र वेल्डिंगची प्रत्यक्ष चाचणी घेतली जाते. १जी म्हणजे सपाट प्लेट, ३जी म्हणजे उभी, ६जी म्हणजे तिरका पाइप. आकडा वाढतो तशी परीक्षा कठीण होत जाते. आपण आज कोणत्या स्थितीत पक्का जोड लावू शकतो, हे इंटर्नला माहीत असले पाहिजे.

तीन महिन्यांनी स्वतःला काय विचारायचे?

गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन माप घेता येते का? त्यावरून किती किलो माल लागेल ते कागदावर काढता येते का? तुकडे वाया न घालवता कापता येतात का? चौकट गुण्यात बसते का? आणि शेवटी माल, रॉड, वीज, मजुरी धरून भाव सांगता येतो का?

पाचपैकी तीन उत्तरे ‘हो’ असतील तर शिकणे रुळावर आहे. पाचही ‘नाही’ असतील आणि हातात फक्त झाडू आणि ग्राइंडरच राहिला असेल, तर मिस्त्रीशी मोकळेपणाने बोलावे. तरीही फरक पडला नाही तर वर्कशॉप बदलावे.

वेल्डिंग शिकायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. पण तो वेळ शिकण्यात गेला की नुसता राबण्यात, हे ठरवायला सहा महिने थांबण्याची गरज नाही. वहीची पहिली वीस पाने चाळली तरी ते दिसते.